दोन झेंडे, एक मैदान : विद्यार्थी संघटनांमधली मध्यस्थी प्रत्यक्षात कशी चालते

मध्यस्थीचं बोलावणं येतं तेव्हा प्रकरण चांगलंच तापलेलं असतं. कुणाचं तरी पोस्टर फाटलेलं असतं, एखाद्या वक्त्याची सभा उधळलेली असते, अर्धवट कापलेला व्हिडिओ सगळ्या वसतिगृहांत फिरून आलेला असतो. प्रशासनाचा पहिला प्रश्न ठरलेला : दोघांना बसवून आजच मिटवून टाकता येईल का? आमचं उत्तरही ठरलेलं : आज नाही. समोरासमोरची पहिली बैठक दोन-तीन आठवड्यांच्या आत सहसा घेऊ नये, आणि तोवर जे करायचं त्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. घाईघाईने एका खोलीत बसवलेले गट बाहेरचं भांडण आत घेऊन येतात. शिवाय समोर अधिकारी बसलेले असल्याने कुणालाच शब्द मागे घेता येत नाही.

आम्ही कुणाचं मत बदलायला आलेलो नाही, हे दोन्ही गटांना आणि प्रशासनालाही सुरुवातीलाच सांगावं लागतं. धर्म आणि राज्य यांचं नातं काय असावं, संपत्ती कुणाच्या हाती असावी, दूरच्या एखाद्या युद्धात न्याय्य बाजू कुणाची, हे प्रश्न चार बैठकांत सुटत नसतात. विद्यापीठात तर ते सुटून शांत होण्यापेक्षा जोरात वाजत राहिलेले बरे. वाटाघाटीत येतात त्या वेगळ्याच गोष्टी : मैदान कुणी कधी वापरायचं, फलकावर जागा कुणाला किती, सभेत विरोध कसा नोंदवायचा, कुणाचं नाव घेऊन मागे लागणं कसं थांबवायचं.

या बाबतीत आम्हांला बॉस्टनचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. डिसेंबर १९९४मध्ये शहराला लागून असलेल्या ब्रुकलाइन इथे गर्भपाताची सेवा देणाऱ्या केंद्रांवर गोळीबार होऊन दोन स्त्रियांचा जीव गेला. त्यानंतर गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन अशा सहा नेत्या मध्यस्थांच्या मदतीने गुप्तपणे भेटू लागल्या. ठरल्या होत्या चार बैठका. त्या पाच वर्षांहून जास्त चालल्या. जानेवारी २००१मध्ये सहाजणींनी एकत्र लेख लिहून हे जाहीर केलं, तेव्हा एकीचीही भूमिका बदललेली नव्हती. मात्र जाहीर बोलण्यातली विखारी भाषा उतरली होती, आणि धोक्याची चाहूल लागली तर एकमेकींना थेट कळवण्याची सोय झाली होती. विचारांच्या भांडणात मध्यस्थीने इतकं साधलं तरी पुष्कळ साधलं, असं आम्ही मानतो आणि तसंच सांगतो.

पहिल्या टप्प्यात गटांना वेगवेगळं भेटायचं. प्रत्येक गटाच्या किमान दोन भेटी, दर भेट तास-दीड तासाची. जागा प्रशासकीय इमारतीत नको. ग्रंथालयातली बैठकीची खोली किंवा या वादाशी संबंध नसलेल्या विभागातला वर्ग चालतो. मध्यस्थ दोघं असावेत. मिशिगन विद्यापीठात १९८८पासून चाललेल्या आंतरगट संवादाच्या उपक्रमात दोन्ही बाजूंच्या समाजगटांतून एकेक प्रशिक्षित संवादक घेतात. त्यामागचं कारण साधं आहे : आपल्याकडची एखादी दुखरी गोष्ट खोलीतल्या निदान एका मध्यस्थाला न समजावता कळते, ही खात्री गटाला हवी असते. तसे दोघं मिळाले नाहीत तर निदान एका बाजूचेच दोघं असू नयेत.

या भेटींत आम्ही प्रश्न थोडे विचारतो. घडलं ते तुम्हांला कसं दिसलं? त्याच्या आधीच्या आठवड्यात काय चाललं होतं? समोरच्यांनी कोणती एक गोष्ट केली तर तुम्ही बैठकीला याल? आणि शेवटचा : तुमच्या स्वतःच्या गटात या बोलण्याला कुणाचा विरोध आहे? या शेवटच्या प्रश्नाने सर्वांत जास्त हाती लागतं. दोन गटांतलं भांडण पुष्कळदा एका गटाच्या आतल्या भांडणाची सावली असतं. पुढची निवडणूक लढवू पाहणारे दोघं, जुने पदाधिकारी आणि नवे, मवाळ आणि कडवे यांच्यातली चुरस बाहेर शत्रू शोधत असते. बाहेरची मूळ संघटना, माजी विद्यार्थी, पाठीशी उभे असलेले प्राध्यापक यांचीही नोंद कागदावर करून ठेवायची. ज्याचा फोन आला की विद्यार्थी बैठक सोडून उठतो, तो माणूस कोण हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रतिनिधी प्रत्येकी तीन किंवा चार. नुसते अध्यक्ष-सचिव नकोत. पद नसतानाही ज्याच्या शब्दाला गटात वजन आहे असा एक, आणि खालच्या वर्षाचा एक घ्यायला सांगतो, कारण पुढच्या वर्षी करार सांभाळायला तोच उरणार असतो. जागच्या जागी तुम्ही काय मान्य करू शकता आणि काय गटाला विचारून, हे प्रतिनिधींनी आपल्या गटाकडून लेखी आणायचं. हा अर्ध्या पानाचा कागद नसला की काय होतं ते ठरलेलं आहे : दुपारी मान्य झालेलं कलम संध्याकाळी गटाच्या चॅटमध्ये फेटाळलं जातं, प्रतिनिधीला फितूर ठरवतात, आणि पुढच्या बैठकीला येणारा नवा माणूस मुद्दाम ताठर असतो.

याच काळात प्रशासनाशी एक पानाचा लेखी ठराव करून घ्यायचा. मध्यस्थांची टिपणं मागितली जाणार नाहीत, बैठकीतलं बोलणं शिस्तभंगाच्या चौकशीत वापरलं जाणार नाही, हजेरीची यादी मध्यस्थांकडेच राहील. यावर सही होत नसेल तर आम्ही कामाला हात घालत नाही. विद्यार्थ्यांना सर्वांत मोठी भीती असते ती मध्यस्थीच्या आडून आपली माहिती गोळा होण्याची, आणि ही भीती पोकळ नसते. गुप्ततेची मर्यादाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायची : कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा छळ चालू असेल तर आम्ही गप्प बसणार नाही.

काही गोष्टी मध्यस्थीत आणायच्याच नाहीत. मारहाण, लैंगिक छळ, धमक्या, वंशावरून किंवा धर्मावरून एखाद्याचा केलेला छळ यांच्या तक्रारी त्यांच्या वाटेने जायच्या. मध्यस्थी शेजारी चालू शकते. पण "तक्रार मागे घ्या, मग मैदान देतो" असला सौदा टेबलावर आला की तिथेच थांबवायचा. पीडित व्यक्तीवर आपल्याच गटाकडून दबाव येतो तो अशाच सौद्यांमधून.

प्रशासन स्वतः वादातला तिसरा पक्ष आहे का, हेही पाहावं लागतं. एका गटाला परवानगी आणि दुसऱ्याला नकार दिलेला असेल, तर प्रशासनाच्या माणसाने यजमानाची खुर्ची सोडून पक्षकाराच्या खुर्चीत बसायचं. शिकागो विद्यापीठात १९६७मध्ये हॅरी कॅल्व्हन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, सामाजिक-राजकीय वादांत टीका करणारी असतात ती विद्यापीठातली माणसं, संस्थेने एकच सामूहिक भूमिका घेऊ नये, अशी मांडणी केली होती. ती सगळ्यांना पटत नाही, आणि न पटण्यालाही कारणं आहेत. पण मध्यस्थी चालू असताना संस्थेने मूळ वादावर निवेदन काढलं, तर एक गट उठून जातो हे मात्र नक्की.

समान खुर्च्या मांडल्या म्हणजे समान बळ येत नाही. एका गटामागे शेकडो सदस्य, वकील आणि बाहेरचा पैसा असतो. दुसऱ्यात डझनभर विद्यार्थी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये मांडलेल्या अटी अजून कामाच्या आहेत : गटांच्या भेटीतून पूर्वग्रह कमी व्हायचा तर त्या भेटीत दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवं, सहकार्य हवं आणि अधिकारी संस्थेचा पाठिंबा हवा. म्हणून लहान गटासाठी आम्ही तयारीची एक जादा भेट ठेवतो, तिची कल्पना मोठ्या गटाला देतो आणि कारणही सांगतो. पहिलं कोण बोलणार ते चिठ्ठी टाकून ठरवतो. ज्या भाषेत सहज बोलता येतं त्या भाषेत बोलू देतो, लागल्यास दुभाषा देतो. आणि एक गट "आम्हांला इथे राहायचा हक्क आहे" असं म्हणत असेल आणि दुसरा तोच हक्क नाकारत असेल, तर त्याला दोन मतांमधला मतभेद म्हणायचं नाही. तो हक्क चर्चेला नाही, हे मध्यस्थाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तटस्थपणाच्या नावाखाली इथे गप्प बसणारे मध्यस्थ आम्हांला पटत नाहीत.

मग येते समोरासमोरची बैठक. अडीच तासांहून लांबवू नये. तास-सव्वातासाने पंधरा मिनिटांची सुटी. परीक्षेचा आठवडा, कुठल्याही गटाचे सण किंवा स्मृतिदिन आणि रात्रीची वेळ टाळायची. खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या, मध्ये टेबल नाही, उघड्या बाजूला मोठा कागद लावलेला. सगळे एकमेकांकडे बघण्याऐवजी त्या कागदाकडे बघू लागले की आवाज आपोआप खाली येतो. पहिल्याच दिवशी "मिसळून बसा" म्हणू नये. फोन जप्त केले तर संशय वाढतो. ते पिशवीत ठेवायचे, आणि घरचा किंवा गटाचा तातडीचा फोन आला तर बाहेर जाऊन घ्यायचा. ध्वनिमुद्रण कुणीच करायचं नाही, आम्हीही नाही.

नियमांची लांब यादी वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. दोन-तीन नियम त्यांनीच ठरवावेत. आम्ही आग्रह धरतो तो एकाच नियमाचा : प्रत्येक गटाला तो स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने हाक मारायची. यावरच वीस-वीस मिनिटं वाद होतो. होऊ द्यावा. बाहेरच्या सगळ्या घोषणा त्या दुसऱ्या, चिकटवलेल्या नावांवर उभ्या असतात.

सुरुवातीला प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. गटाची भूमिका सांगायची नाही. घडलेल्या गोष्टीचा आपल्यावर काय परिणाम झाला तेवढं सांगायचं. नंतर उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत परत सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण साधारण असं होतं. एकजण म्हणतो, "तुमच्या घोषणांमुळे आमच्या मुलींना संध्याकाळी फाटकाकडून जाता येत नाही." समोरचा परत सांगतो, "यांना आमच्या घोषणा आवडत नाहीत." उत्तर येतं, "नाही, असं मी म्हटलं नाही." पुन्हा प्रयत्न : "यांना वाटतं आम्ही मुद्दाम घाबरवतो." "मुद्दाम की कसं, ते मी काढलंच नाही." तिसऱ्यांदा तो थांबतो, विचार करतो आणि म्हणतो, "सात वाजल्यानंतर आम्ही फाटकाशी उभे असलो की तुमच्या मुली वळसा घालून मागच्या रस्त्याने जातात." "हो. हेच." आता हाताशी दोन गोष्टी आल्या : सात वाजताची वेळ आणि फाटक. दोन्हींवर बोलता येतं. घोषणेच्या आशयाला हातही लावावा लागला नाही.

घटनेच्या खरेपणाचा निवाडा आम्ही करत नाही. कागदावर दोन रांगांत दोन्ही बाजूंचा घटनाक्रम वेळेसकट लिहितो आणि जुळणाऱ्या ओळींभोवती गोल काढतो. जुळणाऱ्या ओळी दोघांनाही वाटतात त्यापेक्षा बऱ्याच जास्त निघतात. व्हिडिओ दाखवायचा तर पूर्ण, न कापलेला. तसा नसेल तर दाखवायचाच नाही.

मध्येच दोन्ही गटांना वेगळं घेऊन बोलावं लागतं. ते केव्हा? कुणी खोलीतल्या लोकांशी बोलायचं सोडून सभेत असल्यासारखं भाषण करू लागलं की. आधी बोलणारा माणूस अचानक गप्प झाला की. एका गटाला पंधरा मिनिटं दिली तर दुसऱ्यालाही पंधराच, विचारायला काही नसलं तरी. घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

तोडग्याच्या सूचना कुणाकडून येतात याला फार महत्त्व आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८०च्या दशकात, वर्णभेदी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांतून विद्यापीठाने गुंतवणूक काढून घ्यावी यासाठी आंदोलन चालू होतं. तेव्हा मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे दोन पर्याय ठेवले. विद्यापीठ ज्या पर्यायाला तयार आहे असं सांगितलं, तोच विद्यार्थ्यांना कमी वाटला. पर्यायांची अदलाबदल केली तरी तसंच झालं. समोरच्याने देऊ केलेली गोष्ट निव्वळ त्याने देऊ केली म्हणून हलकी वाटते. म्हणून सूचना आम्ही सारख्या चिठ्ठ्यांवर, नाव न घालता, एकाच रंगाच्या शाईत घेतो, मिसळतो आणि मध्यस्थच वाचून दाखवतो.

मसुदा हा या सगळ्यातला सर्वांत किचकट भाग, आणि इथे घाई करणाऱ्यांचे करार महिनाभरही टिकत नाहीत. "दोन्ही गट परस्परांचा आदर राखतील" हे वाक्य कागदावर छान दिसतं आणि पहिल्याच पोस्टरला मोडतं, कारण आदर कशाने मोडला हे ठरवायला कुणीच नसतं. फलकाचं कलम असं लिहायचं : प्रत्येक गटाला आखून दिलेला अर्धा भाग, पोस्टर सात दिवस, लावल्याची तारीख खालच्या उजव्या कोपऱ्यात, दुसऱ्याच्या पोस्टरवर आक्षेप असेल तर फोटो काढून समन्वयकाला पाठवायचा, २४ तासांत निर्णय, तोवर कुणी हात लावायचा नाही, सात दिवस उलटून गेलेलं पोस्टर कुणीही काढू शकतो. शेवटचा तुकडा विसरू नये. जुनी पोस्टर कुणी काढायची यावरून नवी भांडणं लागतात.

सभेसाठी : विरोध करणाऱ्यांना सभागृहात फलक घेऊन कडेला आणि मागे उभं राहता येईल, मागच्या माणसाला मंच दिसला पाहिजे. उठून बाहेर जाणं मान्य. प्रश्नोत्तरांतले पहिले तीन प्रश्न टीकाकारांचे. बाहेरच्या घोषणांचं अंतर मीटरमध्ये नुसतं लिहून भागत नाही. आदल्या दिवशी दोन्ही गटांचा एकेकजण सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसतो, बाहेर ध्वनिक्षेपक लावून पाहतात, आणि मंचावरचं बोलणं दोघांनाही स्पष्ट ऐकू येईल तिथे जमिनीवर खूण करतात. स्वयंसेवक प्रत्येकी चार, सारखे बिल्ले. भाषणात व्यत्यय आला तर पहिली समज व्यत्यय आणणाऱ्यांच्याच गटाचा स्वयंसेवक देतो. आयोजकांनी दिलेली समज आगीत तेल ओतते. लागोपाठच्या दोन कार्यक्रमांत निदान अर्धा तास आणि बाहेर पडायचे रस्ते वेगळे. बहुतेक झटापटी कार्यक्रमात होत नाहीत, तो संपल्यावर एकाच दारातून दोन्ही गर्दी निघताना होतात.

अफवांसाठी प्रत्येक गटाचा एक संपर्काचा माणूस आणि त्याला एक पर्यायी. समोरच्या गटाबद्दल काही ऐकलं तर जाहीर टाकण्याआधी त्याला फोन करायचा आणि उत्तरासाठी दोन तास थांबायचं. त्यानंतर जे टाकायचं ते टाकायला मोकळे. पूर्ण बंदी घातली तर ती पहिल्याच दिवशी मोडते. दोन तास मात्र बहुतेक जण थांबतात, आणि अर्ध्याअधिक अफवा तेवढ्यात विरतात.

कलम मोडलं तर काय, हेही करारातच हवं. पहिल्या भंगाने करार रद्द होत नाही. ४८ तासांत संपर्काची माणसं भेटतात, मग मध्यस्थ येतात. मुदत एका सत्राची, पुढे फेरविचार. मुदत घातली की सही लवकर होते, कारण कायमचा पायंडा पडण्याची भीती कुणालाच उरत नाही.

सहीच्या आधीची एक पायरी बरेचजण गाळतात. प्रत्येक प्रतिनिधीला आम्ही विचारतो : आपल्या लोकांना हे कसं सांगाल? तुमच्यातला सर्वांत कडवा माणूस काय विचारेल? मग तो प्रश्न आम्ही त्याला विचारतो आणि उत्तर मोठ्याने द्यायला लावतो. आपण काय सोडलेलं नाही हे प्रतिनिधीला ठामपणे सांगता आलं पाहिजे. जाहीर निवेदन शब्दन् शब्द ठरलेलं असावं आणि दोन्हीकडून एकाच मिनिटाला बाहेर पडावं. दहा मिनिटं आधी टाकणारा गट जिंकल्यासारखा दिसतो, आणि मग दुसऱ्याला हरलेलं राहायचं नसतं.

करार झाला की उत्साहाच्या भरात "आता दोघांचा एकत्र स्नेहमेळावा घेऊ" अशी सूचना हमखास येते. ती टाळावी. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात ११-१२ वर्षांच्या मुलांचे दोन गट करून पाहिलं, तेव्हा नुसतं एकत्र जेवण-खेळ केल्याने भांडणं वाढली. एका गटाला एकट्याने न जमणारी कामं, जसं बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करणं, दोघांपुढे आली तेव्हा तेढ कमी झाली. विद्यापीठात अशी कामं शोधावी लागत नाहीत : ग्रंथालयाच्या वेळा, रखडलेल्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहातली अडचण. पण ती गटांनीच सुचवायची. मध्यस्थाने लादलेलं सामायिक काम कुणाचंच नसतं.

पाठपुरावा पहिल्या आठवड्यात, महिन्याने, आणि पुढचं सत्र सुरू होताना. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण विद्यार्थी शिकून निघून जातात आणि त्यांच्याबरोबर कराराची आठवणही जाते. हॅरोल्ड सॉन्डर्स हे अमेरिकी मुत्सद्दी होते. त्यांनी मांडलेल्या दीर्घ संवादाच्या पद्धतीत कोण बोलणार इथपासून एकत्र कृतीपर्यंत पाच टप्पे आहेत, आणि तेच लोक पुन्हा पुन्हा भेटत राहणं हा तिचा कणा आहे. विद्यापीठात नेमकं तेच जमत नाही; माणसं दर वर्षी बदलतात. म्हणून संपर्काची जुनी आणि नवी माणसं, दोन्ही गटांची मिळून चौघं, एकदा एकत्र बसवायची. जुन्यांनी करार कलमवार वाचायचा आणि प्रत्येक कलम कुठल्या भांडणातून आलं ते नव्यांना सांगायचं. समन्वयकाचा नंबर, सभागृहाबाहेरची खूण, फलकावरची आखणी प्रत्यक्ष जाऊन दाखवायची. एखादं कलम का घातलं होतं हे चौघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही, तर ते तसंच पुढे चालवायचं नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिलं तेच घ्यायचं.